अकरा लॅप बाकी

मिरज,
२ डिसेंबर २०२५

ऋष्या,

नमस्कार-चमत्कार काही नाही. तू त्या लायकीचा राहिला नाहीस.

सोबतच्या खोक्यात स्टिअरिंगला लावायच्या दोन लाकडी मुठी आहेत. कबूल केल्या होत्या म्हणून पाठवतोय, नाहीतर कृष्णेत सोडल्या असत्या. तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेलं लाकूड आहे आणि पॉलिश अब्बांनी स्वतः केलंय. त्यांना अजून वाटतं की औंधचा ऋषिराज म्हणजे गुणी मुलगा.

सोळा तारखेला शर्यत संपल्या संपल्या मी तुला ब्लॉक केलं. चार दिवसांपूर्वी राग उतरला म्हणून फोन लावला, तर तुझाच बंद. चार दिवस बंद! चूक तुझी आणि रुसून बसलास तूच. याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

तीन वर्षं झाली आपल्याला. एकमेकांना कधी भेटलो नाही, फक्त कानात आवाज. तू तुझ्या खोलीत खुर्चीवर, मी दुकानाच्या माळ्यावर, आणि दोघांत मिळून कॉम्प्युटरवरची एक गाडी, आळीपाळीनं चालवायची. बॅटरीची सगळी अक्कल तुझी. मला वाटायचं, पाय दाबायचा आणि सुटायचं. तूच शिकवलंस की या हायब्रिड गाडीला इंजिन आहे तशी बॅटरीही आहे, आणि दोन्हींचा कोटा ठरलेला आहे. वळणाच्या आधीच पाय काढायचा, गाडी तशीच वाहू द्यायची, ब्रेकवर बॅटरी भरून घ्यायची आणि सरळ रस्त्यावर बेतानं खर्चायची. शिकवलंस मोठा मास्तर होऊन, आणि परीक्षेला मास्तरच गैरहजर!

सहा तासांची शर्यत, अडतीस गाड्या आणि आपण तिसरे. तिसरे, ऋष्या! दोनला दहा मिनिटं कमी असताना तू चालवत असलेली गाडी रस्त्यावरून गायब झाली. मी धावत माळ्यावर जाऊन ती ताब्यात घेतली. मग तुझा फोन. ‘लाईट गेली रं गड्या. तू गाडी धर. मी रहिमतपूरला मित्राकडं जातो, त्याच्याकडं समदं हाय. अर्ध्या तासात येतो.’ लाईट गेली म्हणे! मग तो इन्व्हर्टर काय पूजेला ठेवला होता?

प्रत्येकानं ठरलेले लॅप चालवलेच पाहिजेत, नाहीतर अख्ख्या टीमचा निकाल रद्द, हा नियम तुला पाठ होता. तुझे अकरा बाकी होते. मी दोन तास ती गाडी सांभाळली. चौथे झालो, सहावे झालो, पण बॅटरीला हात लावला नाही. म्हटलं, ऋष्या येईल आणि शेवटच्या अकरा लॅपमध्ये सगळी ओतेल. चार वाजले, शर्यत संपली, निकालात आपलं नाव नाही, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली. तिचं आता काय लोणचं घालू?

का आला नाहीस, एवढं एका ओळीत कळव. मग मी तुला शिव्या देईन, आणि मग पुढच्या शर्यतीचं बोलू.

वसीम

•

औंध, ता. खटाव,
९ डिसेंबर २०२५

वसीम यास,

पत्राच्या वर ‘श्री’ घातलेला नाही. आमच्याकडे अशा पत्रावर घालत नाहीत.

ऋषिराज गेला. त्याच रविवारी, १६ नोव्हेंबरला, दुपारी सव्वादोनच्या सुमारास. रहिमतपूरच्या अलीकडे वळणावर उसानं भरलेली ट्रॉली टायर फुटून रस्त्यातच उभी होती. हा मोटरसायकलवर होता. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सव्वीस वर्षांचा होता. फोनही तिथंच फुटला, म्हणून तुला बंद लागला.

मी त्याचा बाप, दादासो इंगवले. फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवले, हवालदार होऊन घरी आलो. मला फोनवर धड बोलता येत नाही. बायकोशीदेखील निम्मा संसार पत्रावरच केला, म्हणून तुलाही लिहूनच कळवतो.

पत्र त्याच्या नावाचं होतं, पण मी फोडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, मिरजेला जाऊन तुझ्या कानाखाली एक वाजवावी. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं. इथं जो येतो तो म्हणतो, पोरगं देवमाणूस होतं. त्याच्यावर रागावलेला, तो अजून जिवंत आहे असं धरून भांडणारा, तू एकटाच राहिला होतास. तेही आज मी संपवलं.

लाईट खरंच गेली होती. इन्व्हर्टरची बॅटरी आधीच उतरलेली होती. त्याचा काही दोष नव्हता, एवढं ध्यानात ठेव.

तुझं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे मी कधी विचारलंच नाही. फौजेसाठी त्याची उंची पुरली, छाती पुरली, पण डोळ्यांनी घात केला आणि भरती हुकली. मग शिरवळच्या एका कारखान्यात लागला. सुट्टीला आला की खोलीत खुर्चीवर बसून ती खोटी गाडी हाकायचा. मी म्हणायचो, ‘खऱ्या गाडीला हात कोण लावणार, तुझा सासरा?’ तो हसायचा.

त्याची एक वही सापडली आहे. सगळी आकड्यांनी भरलेली. एके ठिकाणी लिहिलंय, ‘वसीमचा पाय जड. त्याच्या पाळीआधी चार टक्के जास्त ठेवणे.’ याचा अर्थ काय? मला कळेल असं लिही.

मुठी मिळाल्या. आमच्या हिनं देवघरात ठेवल्या आहेत. अब्बांना नमस्कार सांग.

दादासो इंगवले

•

मिरज,
१४ डिसेंबर २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र अब्बांनी माझ्या हातातून घेऊन मोठ्यानं वाचलं, कारण मला दुसऱ्या ओळीच्या पुढं वाचता येईना. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. गल्लीत सगळे विचारत होते, कोण वारलं? माझा भाऊ, असं सांगितलं. अम्मीनंही तसंच सांगितलं.

आधीचं माझं पत्र फाडून टाका. हात जोडतो.

चार टक्क्यांचं सांगतो. गाडी त्याच्याकडून माझ्याकडे यायची तेव्हा त्याच्या पाळीत जितकं वाचेल तितकं मला मिळायचं. मी उधळ्या. सरळ रस्ता दिसला की पाय तळाला. माझा कोटा नेहमी दोन लॅप आधीच संपायचा, पण गाडी कधी बंद पडली नाही. मला वाटायचं, माझं नशीब जोरावर आहे. आता कळतंय की तो त्याच्या पाळीत मुद्दाम हळू जायचा. येईल तेवढ्या वेगानं गेला असता तर लोकांनी त्याचं नाव घेतलं असतं. तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की आमच्या दोघांत वेगवान मी. तो ऐकायचा आणि म्हणायचा, ‘व्हय बाबा, तूच.’

काका, तुम्ही लिहिलंय लाईट गेली होती, इन्व्हर्टर उतरला होता. मी त्याला उगाच खोटारडा म्हणालो. त्याचा आवाज त्या दिवशी जरा वेगळा लागला म्हणून मी विचारलंही होतं, घरात काही झालंय का? तुझ्या बाबांशी वाजलं का? तर म्हणाला, ‘न्हाई रं. घरात समदं ठीक हाय. बाबा तर पावण्यांसंगं बसल्यात. लाईट गेली, दुसरं काय न्हाई.’ एवढं साफ सांगितलं, आणि तरी मी विश्वास ठेवला नाही.

आता जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. तो ‘अर्ध्या तासात’ म्हणाला तेव्हा मी ओरडलो होतो. ‘अर्धा तास नाही, वीस मिनिटांत ये. तुझ्यामुळं टीम बुडाली तर परत तोंड दाखवू नकोस.’ तो ‘आलोच’ म्हणाला. तेच शेवटचं.

काका, तो वेगात होता का? खरं काय ते सांगा. मी रोज ट्रॉलीचाच विचार करतो, आणि फिरून फिरून वीस मिनिटांवर येतो.

तुमचा,
वसीम

•

मिरज,
२ फेब्रुवारी २०२६

आदरणीय काका,

पन्नास दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. पोस्टात हरवलं असेल असं अब्बा म्हणतात. मला तसं वाटत नाही.

मी खेळ सोडला आहे. माळ्यावरची खुर्ची मोडून तिथं आता तंबोऱ्याचे भोपळे रचले आहेत. कामात हात चालतो, जेवण जात नाही.

तुम्ही लिहीत नाही याचा अर्थ मी लावला आहे. तो वेगात होता, माझ्या बोलण्यामुळं होता, आणि तुम्हाला तसं मला लिहवत नाही. तसं असेल तर एक ओळ टाका. शिक्षा झालेली बरी, पण हे असं टांगून राहणं सोसत नाही.

वसीम

•

औंध,
८ फेब्रुवारी २०२६

चि. वसीम यास अनेक आशीर्वाद.

तू मला लिहिलेलं पहिलं पत्र पन्नास दिवस माझ्या उशाखाली होतं. उत्तर पाच वेळा लिहिलं आणि पाच वेळा चुलीत घातलं. त्यात तू तिकडे जेवणावरची वासना घालवून बसलास, तोही दोष माझ्याकडेच धर. आता सलग लिहितो. मध्ये थांबलो तर हेही चुलीत जाईल.

लाईट गेलेली नव्हती.

त्या रविवारी फलटणहून पाहुणे येणार होते, ऋषिराजला पाहायला. मुलगी शिकलेली, घर चांगलं. मी त्याला आठ दिवस आधी सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘बाबा, चारच्या पुढं बोलवा, तवर माझी शर्यत हाय.’ मी पाहुण्यांना तीन सांगितलं, म्हटलं एका तासानं काय बिघडतंय. ते आले दीडला. मी खोलीपाशी तीनदा जाऊन हाक मारली. कानात ते लावलेलं, त्यानं बोटानं थांबा म्हणून खूण केली. तेवढ्यात मुलीचा चुलता उठून आत डोकावला आणि बाहेर येऊन म्हणाला, ‘हवालदार, पोरगं लय जोरात चाललंय की! पण घर काय मागं पडंना.’ सगळे हसले. मीही हसलो.

मग मी मागच्या पडवीत गेलो. आधी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं, कारण नुसता फ्यूज काढला तर इन्व्हर्टर लागतो हे मला ठाऊक होतं. मग मीटरखालचा फ्यूज उपसला आणि खिशात घातला. बाहेर येऊन पाहुण्यांना म्हणालो, ‘लाईट गेली बघा.’

ऋषिराज उठून पडवीत गेला. इन्व्हर्टर पाहिला, मीटर पाहिला, फ्यूजची रिकामी जागा पाहिली. मग दारात येऊन माझ्याकडे पाहिलं. मी ओरडायची वाट बघत होतो. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, आणि पाहुण्यांदेखत का होईना, तो घरातच राहिला असता. पण तो पाहुण्यांच्या पाया पडला, ‘लाईट गेली, जरा एक काम उरकून येतो, तुमी चहा घ्या,’ म्हणाला आणि मोटरसायकल काढली.

तुलाही त्यानं तेच सांगितलं. तुझ्या पत्रात मी ते वाचलं. घरात सगळं ठीक आहे, बाबा पाहुण्यांबरोबर बसलेत. माझी अब्रू त्यानं पाहुण्यांपुढं राखली, आणि ज्याला मी ओळखतही नव्हतो त्या तुझ्यापुढंही राखली. आणि मी त्याच्या जिवावर तुला पुन्हा तेच खोटं लिहिलं, वर इन्व्हर्टरची भर घातली.

संध्याकाळी त्याला घरी आणलं. अंगणात माणसं मावत नव्हती. कुणीतरी म्हणालं, ‘अरे, दिवा लावा की कोणतरी.’ तेव्हा मी सगळ्यांच्या मधून चालत गेलो, खिशातून फ्यूज काढला आणि बसवला. लख्ख उजेड पडला. 

आता तुझ्या प्रश्नाचं. हिला मी तुझं पत्र अर्धं वाचून दाखवलं, वेगाचं विचारलंस तेवढंच. ती म्हणाली, ‘लिवा की, सावकाश चालला हुता म्हणून. त्या लेकराचा तरी जीव थाऱ्यावर यील.’ मीही तसंच लिहिणार होतो. पण लेक माझ्यासाठी एक खोटं बोलला आणि मी त्या खोट्यात पावणेतीन महिने राहतोय. आत काय होतं ते मला ठाऊक आहे. तुला तसल्या घरात राहायला पाठवणार नाही.

तो वेगात होता, वसीम. रस्त्यावर ब्रेकचा पट्टा होता, मी स्वतः पावलांनी मोजला. बावीस पावलं. आयुष्यभर गाडी चालवली, मला पट्टा वाचता येतो. तुझ्या वीस मिनिटांचा त्यात काहीच वाटा नाही, असं मला म्हणता येत नाही. वळणावर विनाखुणेची ट्रॉली सोडून जाणाऱ्याचा आहे. आणि सगळ्यात मोठा, सगळ्यात आधीचा, माझा आहे. तुझ्या बोलण्याआधी माझा हात चालला. तू रागानं बोललास, मी ठरवून केलं. तुझा वाटा तू घे, पण माझा उचलू नकोस. तुझ्यानं तो पेलणारही नाही.

हिला, ऋषिराजच्या आईला, मी अजून सांगितलेलं नाही. ती समजते, लाईट गेली आणि नशीब आडवं आलं. बर्फात ट्रक घातलेत मी, दोनदा मरणाच्या दारातून परत आलो, पण स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून तिला हे सांगायचा धीर होत नाही. तू ये. येत्या रविवारी ये. साताऱ्याहून औंधची गाडी आहे, स्टँडवर मी उभा राहीन. तू समोर बसलास की मी सांगेन. पळून जायला जागा राहणार नाही. हुकूम समज, विनंती समज, काय समजायचं ते समज, पण ये.

आणि पोटाला खा.

दादासो इंगवले

•

(त्याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर)

बाळ वसीम,

मी ऋषिराजची आई, विजयमाला. माझं शिक्षण सातवी, तवा बोलते तसंच लिवते. चुकलं माकलं समजून घे.

ह्यांना एक जुनी सवय हाय. फौजेत बॉर्डरवर असताना पत्र उघडंच द्यावं लागायचं, सायेब लोक वाचायचे मगच चिकटवायचे. तवापासून हे कुठलंबी पत्र लिवलं की पाकीट तसंच उघडं ठेवत्यात. मी भाताच्या शितानं चिकटवते आन् पोस्टात टाकाय देते. आजवर एकबी पत्र मी वाचलं न्हवतं. हे वाचलं. पाच कागद चुलीत जाताना बघितलं हुतं, म्हणून वाचलं.

ह्यांना वाटतंय मला म्हाईत न्हाई. मला त्याच दिवशी कळलं हुतं. मी आत पोहे परतत हुते. डोक्यावरचा पंखा थांबला, पर शेजारी भाऊसोंची पिठाची गिरण चालूच हुती. दळणाचा आवाज येत हुता. मग लाईट गेली कशी?

मी तवा बाहेर आले न्हाई. पावणं बसल्यात, उगं तमाशा नको म्हणून पोहे परतत बसले. मी बाहेर आले असते तर पोरगं थांबलं असतं. तुमी दोघं आपापला वाटा मोजताय, त्यात माझा कुणी धरला न्हाई.

मला ह्यांचा राग हाय. तो जायचा न्हाई. भाकरी वाढताना येतो, अंथरूण घालताना येतो. तरी मी बोलले न्हाई, कारण माझ्या तोंडून निघालं तर हे बी जातील. एका घरातनं दोन माणसं मी लावून देणार न्हाई. त्यांच्या तोंडून येऊ दे. त्यांना सांगायचं हाय, तवा त्यांनाच सांगू दे.

तू ये. मटण करू का कोंबडी, तुला काय चालतं ते कळव. तुमच्यात हलाल लागत असंल तर इथल्या आबेदाच्या घरनं आणून घीन.

आन् एक काम कर. हे सांगायला लागले की मी पयल्यांदाच ऐकत्येय असं करीन. जमंल मला. तवा तू माझ्याकडं बघू नगंस.

विजयमाला